घुमट झाला, धड झालं. आता आर्टूला रंग देऊ की आधी चालवू?

घुमटवाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दीड वर्ष इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला आर-टू डी-टू हा रोबोट, म्हणजे आपला आर्टू, बनवते आहे, पूर्ण आकाराचा, म्हणजे साधारण १०९ सेंटिमीटर उंचीचा. आतापर्यंत झालेलं काम असं: १८ इंच व्यासाचा घुमट थ्रीडी प्रिंट करून, जोडून, घासून गुळगुळीत केला आहे. पुढच्या लॉजिक डिस्प्लेमध्ये, म्हणजे दिव्यांच्या चौकटीत, निळे-पांढरे आणि मागच्यात लाल-पिवळे-हिरवे दिवे लुकलुकतात. तिन्ही होलोप्रोजेक्टर, म्हणजे घुमटावरचे डोळ्यासारखे गोल भाग, छोट्या सर्व्हो मोटरींवर हलतात. एकट्या घुमटाला सात महिने लागले आणि त्यातला एकही दिवस मला जड गेला नाही. धडाचा सांगाडा प्लायवुडचा आहे, वरून स्टायरीनच्या पत्र्याचे दोन थर. पाय पीएलए या थ्रीडी प्रिंटच्या प्लास्टिकमध्ये प्रिंट केलेत, आतून पोकळ, भराव २० टक्के. पावलांची फक्त कवचं तयार आहेत. मोटर आणून ठेवल्यात, पण खोकं अजून उघडलेलं नाही.

अडचण अशी की काल पहिल्यांदाच सगळं एकावर एक रचून त्याला तीन पायांवर उभं केलं. उभा राहिला. पण घुमटाला बोट लावलं तरी पाच-सहा सेकंद डुलत राहतो, भरलेली घागर हिंदकळावी तसा. खांद्याचे बोल्ट आणखी आवळले, तरी फरक नाही.

दोन महिन्यांनी मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात त्याला न्यायचं ठरलंय. तर विचारायचं होतं: आधी रंग देऊन मोकळी होऊ का? निळा नेमका कोणता घ्यायचा? दहा फोटो पाहिले तर दहा निळे दिसतात. आणि हे डुलणं पायांत काही भरलं तर थांबेल का?

फोटो जोडले आहेत.

निळा_थर

रंगापुरतं मी सांगतो, ते काम मी बरंच केलंय.

दहा फोटोंत दहा निळे दिसतात यात तुमच्या डोळ्यांची चूक नाही. पडद्यावरचा आर्टूचा निळा दाराला फासलेल्या सपाट ऑइलपेंटसारखा नाही, खालून धातूची चमक जाणवते. म्हणून उन्हात तो उजळ दिसतो, दिव्याखाली जांभळ्याकडे झुकतो आणि सावलीत जवळजवळ शाईसारखा होतो. १९७७च्या चित्रपटात तर अवकाशातल्या लढाईच्या दृश्यांत हीच पॅनेल चक्क काळी दिसतात, कारण ती दृश्यं निळ्या पडद्यासमोर चित्रित झाली होती. त्यामुळे ‘खरा निळा’ शोधत बसू नका. तुम्हाला आवडणारं एक दृश्य निवडा आणि त्यातला निळा धरा.

पद्धत: लांबी (म्हणजे पुट्टी), प्रायमर, मग पाण्यात भिजवून ४००, ८००, १२००चा पॉलिशपेपर. त्यावर चकचकीत चंदेरी, आणि चंदेरीवर पारदर्शक निळ्याचे पातळ हात. चार पातळ हात चालतील, एक जाड नको. चंदेरी रंग खालचं काहीच लपवत नाही, उलट प्रिंटची एकेक रेघ उठवून दाखवतो. आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर एक हात, दोन हात, तीन हात असे नमुने करा आणि खिडकीशी धरून बघा.

एक सावधगिरी. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बंद गाडीत उन्हात ठेवलेला गडद निळा भाग तेवढा सहज तापतो. प्रदर्शनाला नेताना घुमट चादरीत गुंडाळून सावलीत ठेवा.

माझं मत विचाराल तर सुटी पॅनेल आत्ताच रंगवून ठेवायला हरकत नाही.

कानस

ताई, तुमचे फोटो मोठे करून पाहिले. मागच्या लॉजिक डिस्प्लेची चौकट घुमटाच्या वळणाला मिळते तिथे बहुतेकांची फट राहते, तुमची राहिलेली नाही. फार सुरेख काम. म्हणूनच जरा स्पष्ट लिहितो: रंगाचा डबा उघडू नका. सुटी पॅनेलसुद्धा नकोत. पाय चालायला लागले की धड दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं आणि रंगवलेल्या पॅनेलच्या कडा पुन्हा घासाव्या लागतात. निळा_थर यांचं रंगाबद्दलचं बाकी सगळं मान्य.

आधी कळस मग पाया, असं या छंदात बहुतेकांचं होतं. माझंही झालं. घुमट म्हणजे त्याचा चेहरा, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण त्या चेहऱ्यावर पाहिलं तर आहे काय? तोंड नाही, भुवया नाहीत, एक काळा डोळा आहे तोही जागचा हलत नाही. तरी तो घाबरलाय, हट्टाला पेटलाय, काहीतरी लपवतोय, हे आपल्याला थेट कळतं. ते कळतं तो किती झटकन वळला, कुठे थबकला, पाय आधी फिरले की घुमट आधी फिरला यावरून, आणि आवाजावरून. माझ्या लेखी आर्टू राहतो तो तिथे. तेव्हा उघडा सांगाडा चालवून बघा, त्याला कपडे नंतर चढवा.

आता डुलण्याचं. पायात काही भरायला जाऊ नका, वजन वाढेल आणि डुलणं राहीलच. तुमच्या फोटोत मला दोन ठिकाणं दिसतात.

पहिलं म्हणजे खांदा. बोल्ट आवळून उपयोग होत नाही कारण तो पीएलएच्या भिंतीला आवळला जातोय. पीएलए सततच्या ताणाखाली हळूहळू दबतं. आज आवळलेला बोल्ट आठवड्याने सैल लागेल, तुम्ही पुन्हा आवळाल आणि भोक अंडाकृती होत जाईल. बोल्टच्या दोन्ही बाजूंना निदान तीन इंच व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या द्या आणि पायाच्या आत वरपासून खालपर्यंत १८ मिलिमीटरच्या प्लायची पट्टी बसवा. ताण प्लायने घ्यायचा, प्रिंट फक्त वरचं कवच.

दुसरं म्हणजे घोटा. तीन पायांवर उभा असताना आर्टूचं धड मागे कललेलं असतं, पण पावलं जमिनीला सपाट टेकलेली असतात. म्हणजे घोटा एका ठरावीक कोनात कुलूप लावल्यासारखा पक्का हवा. तुमचा घोटा नुसत्या एका आडव्या बोल्टवर आहे, पाळणा कडीवर असतो तसा. तिथे दुसरा बोल्ट टाका, पहिल्यापासून जमेल तेवढा लांब. दोन बोल्टमधलं अंतर जितकं जास्त तितका कोन पक्का. माझ्या आर्टूचं निम्मं डुलणं या एका बोल्टने गेलं.

हे झालं की पावलांत मोटर बसवा. बाहेरच्या दोन पावलांत प्रत्येकी एक ओढणारं चाक, मधल्या पावलात फिरती चाकं, ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी. वळण हे दोन मोटरींच्या वेगातल्या फरकाने घ्यायचं. इथे तुम्हाला जो त्रास होणार तो आत्ताच सांगून ठेवतो. पुढे जाता जाता मागे घेतलंत की फिरती चाकं स्वतःभोवती अर्धा फेरा मारतात आणि त्या क्षणी रोबोटचा पुढचा भाग बाजूला झटका खातो. माझा पहिला आर्टू असाच गेला. एका वाचनालयाच्या सभागृहात तीन इंच उंचीच्या मंचावर होता. मी त्याला सरळ मागे घेतलं, चाकं उलटली, तो वीतभर डावीकडे सरकला आणि डावं पाऊल मंचाच्या कडेवरून उतरलं. ४४ किलो वजन आडवं झालं. मी दोन पावलांवर होतो तरी पोचलो नाही. घुमटाचा पत्रा रडार आयच्या, म्हणजे त्या काळ्या डोळ्याच्या, वर बोटभर आत गेला. पत्रा ठोकून काढता आला, पण जवळून पाहिलं तर आजही कळतो. त्यानंतर मी मधल्या पावलात ओम्नी-व्हील बसवली, म्हणजे ज्यांच्या परिघावर छोटे रोलर असतात ती चाकं. ती उलटत नाहीत. फक्त फरशीच्या सांध्यांवर थोडी खडखडतात.

वजनाची वाटणी मोजा. घरातला वजनकाटा एका पावलाखाली ठेवा, बाकी दोघांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या, आणि एकेका पावलाचं वजन घ्या. माझं १७, १६ आणि मधलं ११ आहे. मधल्यावर फार कमी भार असेल तर झटक्यात पुढे निघताना रोबोट मागे उलंडू शकतो. फार जास्त असेल तर मागची ओढणारी चाकं घसरतात. बॅटरी पुढेमागे सरकवून हे जुळवता येतं, म्हणून बॅटरीचा खण शेवटपर्यंत कायमचा ठोकू नका.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एक सांगतो. १९७६मध्ये ट्युनिशियात पहिल्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं तेव्हा रिमोटवरच्या आर्टूने तिथल्या लोकांना अक्षरशः जेरीला आणलं होतं. तो सरळ जाईना. दोन पायांवर चालायची दृश्यं आत बसलेले अभिनेते केनी बेकर यांनी केली. तो डुलत डुलत चालणारा आर्टू म्हणजे एका माणसाच्या अंगाची हालचाल आहे. पुढे २०१३मध्ये जर्मनीतल्या एसेनला स्टार वॉर्सच्या चाहत्यांचा मेळावा झाला. तिथे हौशी मंडळींनी बनवलेले आर्टू निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी पाहिले, आणि २०१५च्या चित्रपटासाठी त्या हौशींपैकीच ली टाउअरसी आणि ऑलिव्हर स्टीपल्स यांना आर्टू बनवायला घेतलं. मूळ लोकांना जे नीट जमलं नव्हतं ते घरात बसून, एकमेकांना मापं पाठवत, या लोकांनी वर्षानुवर्षं घासून सोडवलं होतं. मला या छंदाचा अभिमान वाटतो तो यासाठी.

आणखी एक गोष्ट, तुम्ही मुलांच्या प्रदर्शनाला नेणार आहात म्हणून. त्याच वाचनालयात, पडायच्या आदल्या दिवशी, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आली होती. तिला दिसत नव्हतं. तिने विचारलं, हात लावू का? मी हो म्हटलं. तिने घुमटाच्या शेंड्यापासून सुरुवात केली. शेंड्याभोवतीच्या, केकच्या फोडींसारख्या पॅनेलच्या फटी मोजल्या, होलोप्रोजेक्टरच्या बाहुल्या बोटांनी फिरवून पाहिल्या. मग छातीवरच्या दोन आडव्या हातांपाशी आली, युटिलिटी आर्म म्हणतो त्या. वरच्या हाताच्या कडेने बोट नेलं, मग खालच्या. परत वरच्या. आणि म्हणाली, “ही फट मोठी आहे.” दीड मिलिमीटरचा फरक होता. मला तो माहीत होता. मी काठाला काळा रंग देऊन झाकला होता आणि तोपर्यंत कुणाच्याही डोळ्याला सापडला नव्हता. शिवाय खालच्या हाताच्या टोकाला पत्र्याची धार राहिली होती, तिथे तिचं बोट अडलं आणि तिने पटकन मागे घेतलं. कापलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. त्या रात्री मी तो हात काढून कानशीने गोल केला आणि वरची फट पुन्हा जुळवली.

तेव्हा तुम्ही प्रदर्शनाला जायच्या आधी एक करा. दिवे घालवा, डोळे मिटा आणि त्याला वरपासून खालपर्यंत हाताने बघा. मुलं त्याला तशीच बघणार आहेत.

घुमटवाली

काका, वाचताना दोनदा थांबले. मनापासून आभार.

घोट्याचं अगदी बरोबर निघालं. एकच बोल्ट आहे. पाय उघडला तर खांद्याचं भोक आत्ताच अंडाकृती व्हायला लागलंय, एक मिलिमीटर तरी. प्लायच्या पट्ट्या कापायला घेतल्या आहेत. घुमट गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. जड गेलं, पण ठेवला.

निळा_थर, चमच्यांची युक्ती लिहून ठेवली आहे, रंगाच्या वेळी हाका मारीन.

एकच शंका. मोटरींना काय जोडू? माझ्याकडे विमान उडवायचा साधा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आहे.

तांब्याची_तार

तो रिमोट चालेल. पण जमिनीवर चालवण्याआधी, चाकं जमिनीपासून वर उचललेली असताना एक चाचणी करा. काडी पुढे ढकलून चाकं फिरत असतानाच रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात. विमानाच्या बाबतीत ते एक वेळ चालून जाईल. मुलांच्या गर्दीत ४० किलोचा रोबोट शेवटची आज्ञा पाळत सुटला तर काय होईल याचा विचार करा. रिसीव्हरमध्ये फेलसेफ नावाची सेटिंग असते, ती शून्य वेगावर ठेवा. सेव्ह झाली का ते पुन्हा रिमोट बंद करून तपासा, मी प्रत्येक कार्यक्रमाच्या सकाळी तपासतो. शिवाय बॅटरीच्या तारेवर फ्यूज, आणि मागच्या बाजूला हाताला चटकन सापडेल असं मुख्य बटण.

मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरींचा वेग सांभाळणारं सर्किट, बरेच जण सेबरटूथ नावाचा वापरतात, दोन्ही मोटरींना एकच पुरतो. घुमट फिरवायला वेगळा छोटा घ्या. ड्रायव्हरमध्ये रॅम्पिंगची सोय असते, म्हणजे काडी झटकन ढकलली तरी वेग चढत चढत वाढतो. कानसकाका म्हणतात तो आर्टूचा स्वभाव निम्मा या एका आकड्यात आहे. रॅम्पिंग अजिबात नसेल तर तो दचकल्यासारखा धावतो आणि पायांचे सांधे खिळखिळे होतात. फार असेल तर थांबायला वेळ लागतो, ते धोक्याचं. कमीपासून सुरू करून थोडं थोडं वाढवत न्या.

घुमट आणि धड यांच्यात तारा नेताना स्लिप रिंग वापरा, म्हणजे फिरतानाही तारांचा जोड टिकवणारा सांधा. नुसत्या तारा सोडल्या तर घुमट एकाच दिशेने चार वेळा फिरला की दोरीसारखा पीळ बसतो आणि आत कुठेतरी तुटतात, ते शोधण्यात आख्खा दिवस जातो.

काका, तुमच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. तुम्ही आवाज शेवटी घेता असं मागे एका धाग्यात लिहिलं होतं. मी म्हणेन सांगाड्यासोबतच घ्यावा. चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी आर्टूचा आवाज केला तो एआरपी २६०० सिंथेसायझर आणि स्वतःच्या तोंडाने काढलेले बाळासारखे आवाज मिसळून. त्यात श्वास आहे, थांबे आहेत. माझा अनुभव असा की शीळ आधी वाजून घुमट पाव सेकंदाने वळला तर तो विचार करतोय असं वाटतं, आणि दोन्ही एकदम झालं तर खेळणं वाटतं. हे जुळवायला दिवस लागतात, म्हणून लवकर सुरू करा.

कानस

पाव सेकंदाचं पटलं. मी उद्याच माझ्यावर करून बघतो.

घुमटवाली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सांगाडा चालला.

प्लायच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमच्या चकत्या, घोट्यात दुसरा बोल्ट, सगळं झालं. घुमटाच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधली आणि बोट लावून पाहिलं. एकदा हलला आणि थांबला.

फेलसेफची चाचणी पहिल्या वेळी नापास झाली. रिमोट बंद केला आणि चाकं आपली फिरतच राहिली. अंगावर काटा आला. सेटिंग बदलली, पुन्हा बंद केला, थांबली. त्यानंतर वीस वेळा केलं.

जमिनीवर उतरवला तर तो डावीकडे ओढत होता. दोन संध्याकाळी मी रिमोटच्या ट्रिममध्ये, म्हणजे काडीचा मधला बिंदू सरकवण्यात, घालवल्या, मग चाकं हाताने फिरवून पाहिली, तर डाव्या चाकाला दांड्यावर आवळून धरणारा ग्रब-स्क्रू घसरत होता. दांड्याला कानशीने सपाट जागा केली, स्क्रू त्यावर बसवला. आता दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशीची रेघ धरून जातो. वजनं घेतली: उजवं १५, डावं १५, मधलं ८. मधलं कमी वाटतंय, बॅटरी पुढे सरकवते आहे.

काल रॅम्पिंगचे आकडे बदलत होते. समोर फक्त प्लायचा खोका, तीन पाय, वाळूची पिशवी आणि आत ठेवलेला स्पीकर. शीळ आधी, वळणं मागून, असं लावलं होतं. आई दारात उभी होती. तिने चित्रपट पाहिलेला नाही. एका आकड्याला ती म्हणाली, “हा चिडलाय का कुणावर?” मी आकडा वाढवला, तो हळूच वळला, अर्ध्यात थांबला, परत वळला. आई म्हणाली, “आता लाजतोय.”

तो आकडा मी खोक्यावर पेन्सिलने लिहून ठेवला आहे. काका, बॅटरी सरकवल्यावर नवीन वजनं टाकते. तिन्हींची बेरीज तुमच्यापेक्षा कमी आहे, तर मधल्या पायावर किती धरू?

कानस

एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा मधल्यावर येऊ द्या. तुमच्या ३८ला साडेनऊ. आणि आईंना पुढच्या चाचणीलाही बोलवा.